तलावाचं पाणी ‘मायनस’मध्ये का जातं: सागरी एरोसोल मॉडेल विदर्भात अडतं तेव्हाची क्रमवार तपासणी

भंडारा-गोंदियाचे मामा (माजी मालगुजारी) तलाव, गोसीखुर्द, नाहीतर वऱ्हाडातलं एखादं धरण. उपग्रहाच्या चित्रावरून पाण्याची प्रत काढायला बसलेल्यांच्या फायली माझ्याकडे येतात, त्या बहुतेक एकाच दुखण्याच्या. “भाऊ, निळ्यात मायनस कायले येऊन रायलं?” दुखणं एक, पण कारणं अनेक. तपासणीचा क्रम चुकला तर माणूस आठवडाभर हवेतल्या कणांची (एरोसोलची) मॉडेलं बदलत बसतो आणि चूक निघते फाइल वाचण्याच्या पहिल्या ओळीत. म्हणून स्वस्तातली तपासणी आधी, खर्चिक शेवटी.

लक्षणं

वातावरणाचा वाटा वजा केल्यावर पाण्याचं परावर्तन निळ्यात, म्हणजे ४४३ आणि ४९० नॅनोमीटरला, शून्याखाली जातं. हिरव्यात, म्हणजे ५६० ला, ते कसंबसं वर असतं आणि लालमध्ये, ६६५ ला, ठीक दिसतं. जितका रंग निळा तितकी घसरण जास्त. हे मुख्य लक्षण, आणि पुढची सगळी चर्चा याचीच आहे.

सोबत आणखी काही खुणा सापडतात. क्लोरोफिलच्या नकाशात तलावाच्या काठाकाठाने लाल पट्टा येतो आणि मध्यभाग बरा दिसतो. एकाच चित्रात शेजारच्या दोन तलावांवर एरोसोलची प्रकाशीय जाडी (कण किती प्रकाश अडवतात त्याचं माप) एकावर ०.१५ आणि दुसऱ्यावर ०.५ अशी निघते. दोन किलोमीटरवर हवा इतकी बदलत नाही, म्हणजे तो आकडा हवेचा नाहीच. ऑक्टोबरची चित्रं बरी निघतात, मार्च-एप्रिलची बिघडतात.

आता या दुखण्यासारखी दिसणारी पण वेगळी दोन दुखणी. सगळेच बँड (उपग्रह मोजतो ते रंगपट्टे) जवळपास सारख्याच आकड्याने खाली गेले असतील तर एरोसोलचा संबंध नाही, पहिल्या तपासणीकडे जा. सगळेच बँड वर गेले असतील, एनआयआरसुद्धा (लालच्या पलीकडचा, डोळ्याला न दिसणारा जवळचा अवरक्त प्रकाश), तर विरळ ढग किंवा पाण्यावरची सूर्याची चमक बघा.

आणि एक विनंती. ऋण आकडे शून्य करून पुढे जाऊ नका. ते पिक्सेल गाळून उरलेल्यांची सरासरीही काढू नका. जो बिघाड एका पिक्सेलला शून्याखाली नेतो, तोच शेजारच्या पिक्सेलला ०.०२ वरून ०.००५ वर आणतो, आणि तो दुसरा पिक्सेल तुमच्या नकाशात चांगला म्हणून बसलेला असतो.

हिशेब कुठे अडतो

पाण्यावरून उपग्रहापर्यंत जो प्रकाश पोचतो त्यातला खरोखर पाण्यातून आलेला वाटा निळ्या रंगात साधारण दहा टक्के. बाकी सगळा हवेचा. त्यातला हवेच्या रेणूंचा भाग सूत्राने नेमका काढता येतो. एरोसोलचा, म्हणजे हवेत तरंगणाऱ्या धूळ-धूर-मिठाच्या कणांचा भाग रोज वेगळा, म्हणून तो चित्रातूनच शोधावा लागतो.

हॉवर्ड गॉर्डन आणि मेंगुआ वांग यांनी १९९४ मध्ये सीविफ्स या उपग्रहावरच्या उपकरणासाठी जी रीत मांडली ती अशी: खोल, स्वच्छ समुद्र ७६५ आणि ८६५ नॅनोमीटरला जवळजवळ काळा असतो. तिथे जो प्रकाश दिसतो तो हवेचाच. त्या दोन आकड्यांवरून कण किती आणि कोणत्या जातीचे ते ओळखायचं, आणि मॉडेलच्या वक्राने तो आकडा निळ्यापर्यंत नेऊन तिथून वजा करायचा. ही मॉडेलं शेटल आणि फेन यांच्या १९७९ च्या कणवर्णनांवर उभी होती. २०१० च्या सुमारास नासाने ८० मॉडेलांचा नवा संच आणला, त्यात आर्द्रतेचे आठ टप्पे आहेत आणि प्रत्येक टप्प्यावर बारीक-जाड कणांची दहा प्रमाणं.

या संचाचा जीव समुद्राच्या मिठात आहे. वारा सेकंदाला चारेक मीटरच्या वर गेला की लाटा फुटून फेस येऊ लागतो, फेसातले बुडबुडे फुटतात आणि खाऱ्या पाण्याचे थेंब हवेत उडतात. आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की कोरडा मिठाचा कण पाणी ओढून थेंब होतो. आर्द्रता आणखी वाढेल तसा फुगतो आणि त्याचा अपवर्तनांक १.५ वरून पाण्याच्या १.३३ कडे सरकतो. या कणांचे दोन गुण लक्षात ठेवा. ते जाड असतात, म्हणून निळ्यात आणि एनआयआरमध्ये जवळपास सारखाच प्रकाश विखुरतात. आणि ते प्रकाश शोषत नाहीत, आलेला जवळजवळ सगळा विखरून देतात.

नागपूरहून अरबी समुद्र सरळ रेषेत साडेसहाशे-सातशे किलोमीटर. जाड मिठाचे कण तासा-दिवसांत खाली बसतात किंवा पावसात धुऊन जातात, तेव्हा इथवर पोचणारं मीठ थोडंच. आपल्या हवेत असते उघड्या वावरांची धूळ, चुलीचा आणि वणव्याचा धूर, वीटभट्ट्या, आणि कोराडी, चंद्रपूर, तिरोडा या वीज केंद्रांच्या पट्ट्यातली राख. पावसाळ्यात नैऋत्येच्या वाऱ्याबरोबर सागरी हवा आत येते खरी, म्हणजे हे मॉडेल त्यातल्या त्यात जुलैत लागू पडावं. पण जुलैत ढगांमुळे चित्रच मिळत नाही.

याचा दोष केवळ विदर्भाला देऊ नका. १९९९ च्या जानेवारी ते मार्चमध्ये झालेल्या इंडोएक्स मोहिमेत दिसलं की हिवाळ्यात जमिनीवरचा धूसर थर ईशान्येच्या वाऱ्याने थेट हिंदी महासागरावर पसरतो. त्या महिन्यांत कोकण किनाऱ्यासमोरच्या समुद्रावरसुद्धा शुद्ध सागरी मॉडेल पुरेसं पडत नाही.

पहिली तपासणी: फाइल नीट वाचली का?

पाच मिनिटांचं काम, खर्च शून्य. २५ जानेवारी २०२२ पासून सेंटिनेल-२ या युरोपच्या उपग्रहांच्या फायली प्रोसेसिंग बेसलाइन (फाइल तयार करण्याच्या पद्धतीची आवृत्ती) ०४.०० किंवा त्यापुढच्या क्रमांकाने येतात. तेव्हापासून प्रत्येक आकड्यात १००० ची भर असते. परावर्तन काढताना आधी १००० वजा करायचे, मग १०,००० ने भागायचं. ही भर घातली गेली ती ऋण आकडे कापले जाऊ नयेत म्हणून, आणि तिनेच हा सगळा गोंधळ केला आहे.

वजा करायचं राहिलं तर सगळे बँड ०.१ ने वर. दोनदा वजा झालं तर सगळे ०.१ ने खाली. दोनदा होण्याचं नेहमीचं कारण म्हणजे गूगलच्या अर्थ इंजिनमधला ‘हार्मोनाइझ्ड’ संग्रह. त्यात ही भर आधीच काढलेली असते आणि वापरणारा इंटरनेटवरून उचललेल्या कोडने परत काढतो. ओळखायची सोपी रीत: एका तलावाची २०२१ ते २०२३ ची मालिका काढा. जानेवारी २०२२ ला पायरी दिसली तर दुखणं सापडलं.

दुसरी तपासणी: चित्र डोळ्यांनी बघा

नैसर्गिक रंगात चित्र उघडा, मग १३७५ नॅनोमीटरचा बँड उघडा. या तरंगलांबीला खालच्या हवेतली वाफ प्रकाश गिळून टाकते, त्यामुळे तलाव, जमीन काहीच दिसायला नको. काही चमकलं तर तो उंचावरचा विरळ ढग. डोळ्याला तो दिसत नाही, पण हिशेबात तो एरोसोल म्हणून मोजला जातो. अशी तारीख सोडून द्या. सेंटिनेल-२ ला तारखांची टंचाई नाही.

मग धूर. पूर्व विदर्भात मार्च-एप्रिलमध्ये मोह वेचण्यासाठी झाडाखालचा पालापाचोळा पेटवतात आणि तेंदूच्या हंगामाआधीही जंगलात आगी लागतात. पश्चिमेकडे पऱ्हाट्या (कापसाची वाळकी झाडं) उपटून धुऱ्यावर पेटवलेल्या असतात. नासाच्या फर्म्स या संकेतस्थळावर त्या दिवसाचे आगीचे ठिपके फुकट बघता येतात. ठिपका नाही म्हणजे आग नव्हती असं मात्र समजू नका. पालापाचोळ्याची लहान आग उपग्रहाला हुकते, किंवा तो माथ्यावरून जाईपर्यंत विझलेली असते. गावातल्या माणसाला एक फोन लावला तर जास्त खात्रीची माहिती मिळते.

धूर का महत्त्वाचा, ते सहाव्या तपासणीत येईल. आत्ता फक्त तारखेपुढे खूण करून ठेवा.

तिसरी: सूर्य कुठे होता?

आपण २० ते २१ अंश उत्तरेला. मेच्या शेवटी नागपुरात शून्य सावलीचा दिवस येतो. सेंटिनेल-२ सकाळी साडेदहाच्या सुमारास येतो, तरी त्या दिवसांत सूर्य माथ्यापासून वीस-पंचवीस अंशांवरच असतो. वाऱ्याने पाणी जरा हललं की लहरींवरून सूर्याचं प्रतिबिंब थेट उपग्रहात जातं. लाटांच्या उताराचं आणि वाऱ्याचं नातं कॉक्स आणि मंक यांनी १९५४ मध्येच बसवलं आणि आजही सगळी सॉफ्टवेअरं तेच वापरतात. पण ते समुद्राच्या मोकळ्या वाऱ्यासाठी आहे. बंधाऱ्याच्या, झाडांच्या आडोशाला असलेल्या तलावावर हवामान फाइलमधला वारा लागू पडत नाही.

चमक एनआयआरमध्येही दिसते, म्हणून रीत तिलाही एरोसोल समजते आणि निळ्यातून जादा वजा करते. एप्रिल ते ऑगस्टच्या चित्रांत, विशेषतः चित्रपट्ट्याच्या पूर्वेकडच्या भागात, हा संशय आधी घ्या. त्याच तलावाचं नोव्हेंबरचं चित्र त्याच सेटिंगने चालवून बघा. मायनस गेला तर मॉडेलला हात लावायचं कारण नाही.

चौथी: काठ

विदर्भातल्या लहान तलावांवर बहुतेक भानगड इथेच असते.

आपले तलाव लहान. भोवती धानाच्या बांध्या, पाळीवर झाडं, पाण्यात शिंगाडा, कमळ, काठाला बेशरम. हिरवी पानं एनआयआरला लख्ख चमकतात आणि पाणी त्याच बँडला काळं. पानांवरून निघालेला प्रकाश हवेत विखुरतो आणि त्यातला काही तलावाच्या पिक्सेलवरून आल्यासारखा उपग्रहात शिरतो. यालाच लगतच्या जमिनीचा परिणाम म्हणतात. काही शे मीटरपासून किलोमीटरभरापर्यंत तो पोचतो.

आता गॉर्डन-वांगच्या रीतीला यातलं काही माहीत नाही. तिच्या लेखी एनआयआरमधला प्रकाश म्हणजे हवा. तिने पानांचा उजेड एरोसोल म्हणून मोजला. ७६५ आणि ८६५ दोन्हीकडे पानं सारखीच चमकतात, त्यामुळे तिला वाटलं कण जाड आहेत, म्हणजे सागरी. सागरी मॉडेल म्हणतं जितकं एनआयआरमध्ये तितकंच निळ्यात. निळ्यात तर पानं काळपट, तिथे हा उजेड मुळात आलेलाच नाही. जे आलंच नाही ते वजा केलं की मायनस.

गढूळ पाण्यात हेच वेगळ्या वाटेने होतं. पावसाळ्यानंतरच्या पाण्यातला गाळ ७६५ ला ८६५ पेक्षा जास्त चमकतो, कारण ८६५ ला पाणी स्वतः जास्त शोषतं. रीतीला वाटतं कण बारीक आहेत. बारीक कणांचा वक्र निळ्याकडे चढत जातो, म्हणून ती निळ्यातून आणखीच जास्त काढते. गोसीखुर्दच्या वरच्या भागातलं सप्टेंबरअखेरचं चित्र घ्या, हा नमुना पाहायला मिळेल.

तपासायचं कसं? पाळीपासून मध्यापर्यंत एक रेघ ओढा आणि ८६५ चे आकडे काढा. काठापासून आत जाताना आकडा सावकाश उतरत गेला तर जमिनीचा परिणाम. सगळीकडे सारखाच चढा असेल तर गाळ, चमक किंवा खरंच धूसर हवा. एकदम उंच ठिपके असतील तर तरंगती वनस्पती. ते पाणीच नाही, ते मोजणीतून काढा.

उपाय: पाण्याचा मुखवटा (फक्त पाण्याचे पिक्सेल ठेवणारी हद्द) चारी बाजूंनी किमान तीन पिक्सेल आत घ्या. २० मीटरच्या बँडला ते ६० मीटर होतात. शंभर मीटर रुंदीच्या बोडीत (लहान तळ्यात) मग एकही पिक्सेल उरत नाही, आणि त्या बोडीसाठी तेच खरं उत्तर आहे. तिच्यासाठी उपग्रह नको, बादली आणि दोर घ्या. मिश्र पिक्सेल गेल्यावरही विखुरलेला प्रकाश उरतोच, पण निदान काय उरलं ते कळतं.

पाचवी: दाब आणि आर्द्रतेचे ठरावीक आकडे

ही तपासणी लोक विसरतात, म्हणून सांगतो. रेणूंचा भाग हवेच्या दाबावर अवलंबून असतो. समुद्रासाठी लिहिलेल्या प्रक्रियेत बाहेरची हवामान फाइल जोडली नाही तर दाब १०१३ हेक्टोपास्कल धरला जातो. आपण समुद्रसपाटीपासून अडीचशे-तीनशे मीटर वर. दाब ९८० च्या आसपास. फरक तीन टक्के. ४४३ ला रेणूंचा वाटा ०.०९ च्या घरात असतो, त्याचे तीन टक्के म्हणजे जवळपास ०.००३. गढूळ-हिरव्या तलावाचं निळं परावर्तन मुळात ०.०१ ते ०.०२. उंचीचा आकडा भरायला अर्धा मिनिट लागतो. लोणार किंवा चिखलदऱ्याकडच्या तलावांना फरक आणखी वाढतो.

आर्द्रतेचंही तसंच. सॉफ्टवेअर ८०-९० टक्के धरून फुगलेल्या मिठाचं मॉडेल निवडत असेल आणि एप्रिलच्या दुपारी विदर्भात आर्द्रता वीसच्या आसपास घुटमळत असेल, तर निवड कागदावरच बरोबर.

सहावी: कोणतं मॉडेल निवडलं गेलं, ते लॉगमध्ये बघा

आता खरं मॉडेल. आधी न बदलता फक्त वाचा. सॉफ्टवेअर ॲकोलाइट असेल तर तो काँटिनेंटल (जमिनीवरचं) आणि मॅरिटाइम (सागरी) या दोनांतून जे जास्त जुळतं ते घेतो आणि लॉगमध्ये, म्हणजे नोंदींच्या फाइलमध्ये, लिहितो. सेन-टू-कोर या सॉफ्टवेअरमध्ये रूरल (ग्रामीण), मॅरिटाइम किंवा ऑटो असा पर्याय असतो. नासाचं सीडॅस घेतलं असेल तर पिक्सेलगणिक मॉडेलचा क्रमांक बाहेर काढता येतो. एकाच तलावात क्रमांक ठिपक्याठिपक्यांनी बदलत असेल तर रीत हवा ओळखत नाही, चाचपडते आहे.

सिक्स-एस या, हवेतून जाणाऱ्या प्रकाशाच्या मूळ संगणन पद्धतीत सागरी मॉडेल म्हणजे घनफळाने ९५ टक्के समुद्री कण आणि ५ टक्के पाण्यात विरघळणारे. काजळी नाही, माती नाही. काँटिनेंटलमध्ये ७० टक्के धूळ, २९ टक्के विरघळणारे, १ टक्का काजळी. अर्बनमध्ये (शहरी) काजळी २२ टक्के. तिन्ही एकाच चित्रावर चालवा आणि ४४३ चे आकडे शेजारी ठेवा. फरक ०.००५ च्या आत असेल तर मॉडेल हा तुमचा प्रश्न नाही, वरच्या तपासण्यांत काही तरी राहिलं आहे. फरक मोठा असेल तर पुढे वाचा.

धुराचा मुद्दा इथे येतो. काजळी प्रकाश शोषते. तिच्याखालून येणारा रेणूंचा निळा प्रकाशही ती गिळते, म्हणून धुराच्या दिवशी वरून दिसणारं निळं अपेक्षेपेक्षा कमी असतं. एनआयआरमध्ये रेणूंचा प्रकाश नगण्य, म्हणून तिथे या शोषणाची खूण उमटत नाही. एनआयआर बघून निळ्याचा अंदाज करणाऱ्या कुठल्याही रीतीला ते कळायला मार्ग नाही. ती पांढरा, न शोषणारा कण धरते आणि जादा वजा करते. कापसाच्या मापाने धान मोजण्यातला प्रकार. मोहाच्या हंगामातले बहुतेक मायनस या जातीचे.

उलटंही घडतं. बारीक पण न शोषणाऱ्या धूसर हवेवर जाड सागरी मॉडेल लावलं तर निळ्यातून कमी वजा होतं. आकडे धन येतात, गुळगुळीत येतात, तलाव आहे त्यापेक्षा स्वच्छ दिसतो, आणि कोणी तक्रार घेऊन येत नाही. मला मायनसपेक्षा या फायलींची जास्त धास्ती वाटते.

बाहेरचा पुरावा फुकट मिळतो. नासाच्या मोडिस या उपकरणावरून काढलेली मेइअॅक ही एक किलोमीटरची एरोसोल जाडी त्या दिवसाची उतरवा आणि तुमच्या निकालाशी ताडून बघा. मेइअॅक ०.३ म्हणत असेल आणि तुमचं सॉफ्टवेअर तलावावर ०.६, तर जादाचे ०.३ काठावरचे आहेत. कण कोणत्या जातीचे ते अँगस्ट्रॉम घातांकावरून (रंगागणिक जाडी किती बदलते त्याचा आकडा) कळतं. स्वच्छ सागरी हवेत तो अर्ध्याच्या खाली राहतो, धुराच्या हवेत एकच्या बराच वर जातो. एरोनेट या, जमिनीवरून हवेतले कण मोजणाऱ्या जागतिक जाळ्याचं केंद्र विदर्भात जवळ नाही. पुण्याचं किंवा कानपूरचं केंद्र ऋतूचा कल समजायला चालेल, त्या दिवसाच्या दुरुस्तीसाठी नाही.

मग बदल करायचा तो एवढाच: तलावागणिक एरोसोल शोधायला लावू नका. चित्रातल्या सगळ्यात मोठ्या, खोल पाण्यावर, म्हणजे इटियाडोह, तोतलाडोह किंवा गोसीखुर्दच्या मध्यावर जाडी काढा आणि तीच आसपासच्या लहान तलावांना द्या. ॲकोलाइटमध्ये ‘टाइल्ड’च्या जागी ‘फिक्स्ड’ केलं की तो अख्ख्या उपचित्रासाठी एकच जाडी घेतो. हवा वीस किलोमीटरमध्ये फारशी बदलत नाही, काठ बदलतात. लहान तलावांसाठी ॲकोलाइटची रीत मला एरवीही जास्त पटते, कारण एनआयआर काळंच आहे असं ती गृहीत धरत नाही. चित्रातल्या सगळ्यात काळ्या जागा सगळ्या बँडमधून शोधते.

लोणारबद्दल एक वेगळी ओळ, कारण हा प्रश्न नेहमी येतो. “सरोवर खारं आहे, मग सागरी मॉडेलच बरोबर ना?” नाही. मॉडेल पाण्याच्या चवीचं नाही, वरच्या हवेचं आहे. सव्वा किलोमीटरच्या पाण्यावर, कड्यांच्या आड, लाटा फुटून मीठ हवेत उडत नाही. त्याच्यावरची हवा बुलढाण्याची आहे. शिवाय ते पाणी शेवाळाने इतकं दाट आहे की एनआयआरला काळं नसतंच.

सातवी: एनआयआर सोडा, स्विर घ्या

स्विर म्हणजे एनआयआरच्याही पलीकडचा, लघुलहरी अवरक्त प्रकाश. त्यात १६१० नॅनोमीटरला पाण्याचं शोषण ८६५ च्या शंभर पटींहून जास्त असतं. त्यामुळे बराच गाळ असला तरी पाणी तिथे जवळजवळ काळंच राहतं. गढूळ धरणांना हा उपाय लगेच लागू पडतो. मात्र स्विर बँड खरखरीत असतात, म्हणजे आकडे उगाच वरखाली होतात, म्हणून आधी तीन-बाय-तीन पिक्सेलची सरासरी घ्या.

विदर्भापुरती एक सूचना. ऑक्टोबरमध्ये काठ हिरवा असतो आणि ओली पानं स्विरमध्ये एनआयआरपेक्षा बरीच काळी असतात, त्यामुळे काठाचा त्रासही कमी होतो. एप्रिलमध्ये वावरं उघडी पडतात. कोरडी माती आणि धसकटं स्विरमध्ये चमकतात आणि काठाचा त्रास मागच्या दाराने परत येतो. उन्हाळ्यात हा उपाय लहान तलावावर चालला नाही तर नवल नाही.

इथवर येऊनही निळं सुधारलं नसेल तर स्वतःला विचारा की निळं हवंच कशाला. आपलं हिरवं, गढूळ पाणी निळ्या-हिरव्याच्या गुणोत्तराने मोजायची रीतच खोल समुद्राची. ७०५ आणि ६६५ च्या गुणोत्तराने क्लोरोफिलचा कल बराच चांगला मिळतो, आणि हे दोन बँड इतके शेजारी आहेत की एरोसोलची चूक दोघांत जवळपास सारखी बसते. दहा तलावांत जास्त हिरवा कोणता, एवढंच हवं असेल तर काम इथे संपतं.

आठवी: स्वतःचं मॉडेल, आणि थांबायचं कुठे

सिक्स-एसमध्ये धूळ, काजळी, विरघळणारे आणि समुद्री कण यांचं प्रमाण हाताने भरता येतं. पायथॉनमधून ते सोपंही आहे. काजळी एक टक्क्यावरून चारवर नेली की मायनस जातो आणि माणूस खूश होतो. पण चारच का? तीन किंवा सहा का नाही? मोजमापाशिवाय काजळी वाढवणं म्हणजे हवं ते उत्तर येईपर्यंत खुंटी पिळणं. हे करायचं असेल तर त्या दिवसाचं सूर्यप्रकाशमापीचं (सन फोटोमीटरचं) वाचन हातात हवं. नसेल तर इथेच थांबा.

खाली लिहिलेल्यांपैकी काहीही लागू असेल तर स्वतः दुरुस्ती करत बसू नका, या कामातल्या माणसाकडे जा:

– वेगवेगळ्या ऋतूंतल्या तीन-चार स्वच्छ तारखांना, वरच्या सगळ्या तपासण्यांनंतरही मायनस कायम आहे.
– कल पुरेसा नाही, घनमीटरला इतके मिलिग्रॅम असा आकडा अहवालात जाणार आहे.
– तळ दिसणारं उथळ पाणी, कड्यांच्या सावलीतलं पाणी, किंवा लोणार.
– त्या आकड्यावरून पाणीपुरवठा, मासेमारीचा ठेका किंवा नुकसानभरपाई ठरणार आहे.

नागपुरातच राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राचं प्रादेशिक केंद्र आहे आणि महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्रही आहे. विद्यापीठांच्या भूगोल, भौतिकशास्त्र किंवा पर्यावरण विभागांत कोणाकडे हातात धरायचा वर्णपटमापी आहे का, तेही विचारा. पाण्यावर एकदा तो धरला की मॉडेलचा अर्धा वाद मिटतो.

जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका. चित्राचं पूर्ण नाव, बेसलाइनचा क्रमांक, सॉफ्टवेअरची आवृत्ती, सेटिंगची फाइल, लॉग, आणि मायनस आलेल्या पाच ठिकाणांचे अक्षांश-रेखांश द्या. उपग्रह आला त्याच सकाळी कोणी डोंग्यातून जाऊन सेक्की तबकडी किती खोलवर दिसेनाशी झाली ते मोजलं असेल, पाण्याचा आणि आकाशाचा फोटो काढला असेल, तर तो कागद सगळ्यात वर ठेवा. ढिवर समाजाच्या मत्स्य सहकारी संस्था अशा कामाला मदत करतात, आधी वेळ कळवली तर. फक्त स्क्रीनशॉट पाठवलात तर समोरचा पहिला प्रश्न बेसलाइनचाच विचारणार.

आणि तलावात मासे मरून वर आले असतील, पाण्याला वास येत असेल, तर हे सगळं बाजूला ठेवा. त्या दिवशीच पाण्याचा नमुना बाटलीत भरून, बर्फात ठेवून जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत पोचवा आणि मत्स्यव्यवसाय कार्यालयाला कळवा. उपग्रहाचं चित्र नंतर केव्हाही काढता येतं.